कानाचं ऑपरेशन: डॉक्टरांना आतलं नेमकं किती दिसतं?

कानाच्या पडद्यामागे एक छोटीशी पोकळी असते. हाच मधला कान. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं इथेच असतात. त्यातलं रिकीब जेमतेम 3 मिलिमीटरचं, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. चेहरा हलवणारी नस याच पोकळीच्या भिंतीतून जाते, तर जिभेची चव मेंदूकडे नेणारी बारीक नस पोकळीतून आडवी जाते.

एवढ्याशा जागेत रक्ताचा एक थेंबही डॉक्टरांची नजर अडवू शकतो. म्हणून डोक्याची बाजू थोडी उंच ठेवतात, रक्तवाहिन्या आकसणारं औषध टोचतात आणि भूल देताना रक्तदाबावर बारीक लक्ष ठेवतात.

मायक्रोस्कोप की एंडोस्कोप?

स्वीडनमध्ये 1921 साली कार्ल ओलोफ न्यूलेन यांनी कानाच्या ऑपरेशनसाठी पहिल्यांदा मायक्रोस्कोप वापरला. मायक्रोस्कोपमुळे दोन्ही हात मोकळे राहतात, पण दिसतं फक्त सरळ रेषेतलं. कोपऱ्यात पाहायचं तर कधीकधी कानामागचं हाड कोरावं लागतं.

एंडोस्कोप पडद्याच्या वाटेनेच आत जातो आणि तिरक्या भिंगामुळे कोपऱ्यातलंही दाखवतो. मात्र एक हात तो धरण्यात अडकतो. रक्त जास्त आलं किंवा भिंगावर वाफ धरली की काम थांबतं.

न दिसलेला कोपरा महागात का पडतो?

कोलेस्टिॲटोमा या आजारात मधल्या कानात त्वचा वाढते आणि आसपासचं हाड झिजवते. तिचा छोटासा तुकडा मागे राहिला तरी आजार पुन्हा वाढू शकतो. म्हणूनच काही रुग्णांना काही महिन्यांनी तपासणीसाठी दुसरं ऑपरेशन सुचवतात.

धोके कोणते?

ऐकू कमी येणं, चक्कर, कानात आवाज येणं, चव बदलणं आणि क्वचित चेहरा वाकडा होणं. काहींमध्ये चेहऱ्याच्या नसेवरचं हाडाचं आवरण मुळातच अपूर्ण असतं, त्यामुळे ती नस जपणं अवघड जातं.

ऑपरेशनआधी काय विचाराल?

- आजार कुठपर्यंत पसरला आहे? सीटी स्कॅन लागेल का?
- कोणतं उपकरण वापरणार आणि का?
- दुसरं ऑपरेशन लागण्याची शक्यता किती?

रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका. घरी आल्यावर चेहरा वाकडा वाटला, जोराची चक्कर आली, ताप आला किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा.