हाताची घडी, तोंडावर बोट

मराठी शाळेत शिकलेल्या कोणाही गृहस्थास ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा विसरता येणार नाही. आम्हीही ती पाळली आणि पुढे शिक्षक झाल्यावर शेकडो मुलांकडून पाळून घेतली. वर्ग निःशब्द असला म्हणजे शिक्षक समर्थ, अशी आमची समजूत होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका दुपारी आमचा वर्ग असाच चिडीचूप बसला होता. मागल्या बाकावरील एक मुलगा काही सांगू पाहत होता. त्यास आम्ही दोनदा दटावून खाली बसविले. तास संपल्यावर कळले की, त्याच्या शेजारचा मुलगा तापाने फणफणत होता. वर्ग शांत होता खरा. परंतु तेथे कोणी कोणाचे ऐकत नव्हते, आणि सर्वांत कमी ऐकत होतो ते आम्ही. त्या दिवसापासून शाळेतील शांततेचा इतिहास हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय झाला.

त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण रोम शहरात सुरू होते. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. एके दिवशी त्या चार महिन्यांचे एक तान्हे मूल हातांवर घेऊन वर्गात आल्या. ते किती स्तब्ध आहे, त्याचा श्वास किती हळुवार चालतो, इकडे त्यांनी मुलांचे लक्ष वेधले. मुलेही आपण होऊन तशीच निश्चल झाली, आणि एरवी कानी न पडणारे आवाज ऐकू येऊ लागले: दूर कोठे ठिबकणारे पाणी, बाहेरच्या पाखराची किलबिल. यातूनच पुढे ‘शांततेचा खेळ’ आकारास आला. मुले स्तब्ध बसत. शिक्षिका दुरून कुजबुजत्या स्वरात एकेकाचे नाव घेई, आणि ते मूल पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जाई.

या खेळाचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. एकट्या मुलाच्या चुळबुळीनेही सर्वांची शांतता मोडते. म्हणून ती सर्वांच्या संमतीनेच उभी राहू शकते. आपले नाव येईपर्यंत वाट पाहणे, दुसऱ्याचे नाव त्यास ऐकू यावे म्हणून आपण हालचाल न करणे, हा परस्परांच्या आदराचा पहिला धडा होय. आज्ञेने बसलेल्या वर्गात शांतता शिक्षकाची असते. येथे ती मुलांची असते.

हा भेद पुढे केवळ वर्गापुरता राहिला नाही. मुसोलिनीच्या राजवटीने माँटेसरीबाईंच्या कार्यास आरंभी आश्रय दिला होता. परंतु ज्या सत्तेस आज्ञाधारक रांगा हव्या होत्या, तिचे आणि त्यांचे फार काळ जमणे शक्य नव्हते. १९३४ च्या सुमारास संबंध तुटले आणि इटलीतील त्यांच्या शाळा बंद पडत गेल्या. त्याच दशकात, १९३२ साली जिनिव्हा येथे व १९३७ साली कोपनहेगन येथे, त्यांनी शांततेसाठी शिक्षण हा विषय जगापुढे मांडला. युद्ध टाळणे हे राजकारणाचे काम, पण टिकाऊ शांतता उभारणे हे शिक्षणाचे काम, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९३९ साली त्या मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. पुढील वर्षी इटली युद्धात उतरताच त्यांचे पुत्र मारिओ यांस शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगर येथे स्थानबद्ध करण्यात आले. ऑगस्ट १९४० मध्ये, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या वेळी, त्यांची सुटका झाली.

बाई येथे येण्यापूर्वीच त्यांचा विचार काठेवाडात पोचला होता. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक पहिल्या दिवशी मोठ्या उमेदीने शांततेचा खेळ घेऊ पाहतो. खोलीत काळोख करून तो मुलांना स्तब्ध बसावयास सांगतो. परंतु कोणी म्याऊम्याऊ करतो, कोणी पाय आपटतो, आणि पाहता पाहता एकच गलका होतो. शिक्षक छडी उगारीत नाही. त्या दिवशी तो मुलांना घरी जाऊ देतो, आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगावयास बसतो. कालचाच तो दंगेखोर वर्ग आज कान टवकारून त्याच्याभोवती जमतो. स्वतःच्या आवडत्या पद्धतीची फजिती इतक्या मोकळेपणाने सांगणारा शिक्षणतज्ज्ञ विरळाच. मुलांना काय हवे हे आधी ओळखा, मग ती तुमचे ऐकतील, हा त्या फजितीचा बोध आहे.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा विचार मराठीत आणला. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी त्यांना बोल लावला नाही. बालवाडी पाड्यावरील अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरविली. मूल न बोलता जे सांगत होते, ते ऐकून शाळेनेच आपली जागा बदलली.

तात्पर्य, आदराने ऐकणे हा पाठांतराचा विषय नव्हे. मूल ते स्वतः ऐकले गेल्यानेच शिकते. आमच्या शाळेत आता परिपाठानंतर दोन मिनिटे शांततेचा खेळ होतो. त्यानंतर काय काय ऐकू आले हे मुले सांगतात, आणि शिक्षक मध्ये बोलत नाहीत. यातील दुसरा भाग अधिक कठीण आहे, असा आमचा अनुभव आहे. मुले आठवड्याभरात शिकली. आम्हांस मात्र पुष्कळ वर्षे लागली. मागल्या बाकावरून वर होणारा हात दिसताच आजही आमचे बोट प्रथम ओठांकडे जाते. ते आम्ही आमच्याच ओठांवर ठेवतो, आणि मुलास म्हणतो, ‘बोल बाळ.’