एकच झाड उरलेलं बेट

आज जाऊया हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर. मॉरिशस तुम्हाला माहीत असेल, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबंही आहेत. रॉड्रिग्ज त्याच देशाचा भाग, पण मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे 600 किलोमीटरवर. क्षेत्रफळ जेमतेम 108 चौरस किलोमीटर.

1691 मध्ये फ्रान्स्वा लेगा हा फ्रेंच निर्वासित काही साथीदारांसोबत इथे उतरला. तेव्हा इथे माणसांची वस्ती नव्हती, सगळं बेट झाडांनी भरलेलं. त्याने लिहून ठेवलंय की कासवं इतकी दाटीने असायची, त्यांच्या पाठीवरून शंभरेक पावलं चालता यायचं. पुढे जहाजांनी ही कासवं मांसासाठी हजारोंनी नेली आणि 1800 च्या आसपास ती संपली. सॉलिटेअर, म्हणजे डोडोचा भाऊबंद, तोही गेला. जंगल शेतीसाठी तोडलं, जाळलं. उरलं ते शेळ्या-गुरांनी खाल्लं.

आता यात माणसांचं काय गेलं? पाणी गेलं आणि माती गेली. उघड्या उतारावर पाऊस मुरत नाही, माती घेऊन खाली धावतो. खाली आहे प्रवाळाच्या कड्याआडचा उथळ समुद्र, लगून. तो बेटापेक्षाही मोठा आहे. तिथे बायका पाण्यात चालत ऑक्टोपस पकडतात, त्यावर घरं चालतात. डोंगरावरची माती याच लगूनमध्ये जाऊन बसते.

म्हणून विसाव्या शतकात इथे झाडं लावायला सुरुवात झाली ती पक्ष्यांसाठी नव्हे, पाण्यासाठी आणि माती धरून ठेवण्यासाठी. लावली काय, तर महोगनीसारखी परदेशी झाडं, कारण ती पटकन वाढतात. आणि इथे मजा झाली. फोडी नावाचा सुगरणीसारखा छोटा पक्षी 1960 च्या दशकात मोजक्या जोड्यांवर आला होता. फळं खाणारी वटवाघळं 1970 च्या दशकात शंभराच्याही आत होती. आज दोन्ही हजारोंमध्ये आहेत. या परदेशी झाडांनीही त्यांना आसरा दिला.

मग देशी झाडांचा एवढा आग्रह कशाला? ऐका.

1980 च्या सुमारास एका शिक्षकांनी वर्गात नामशेष झाडांची चित्रं दाखवली. एक विद्यार्थी तसलीच फांदी घेऊन आला. ते होतं कॅफे मॅरॉन, कॉफीच्या कुळातलं. जगात एकच झाड उरलेलं! बातमी पसरली तसे लोक औषध म्हणून त्याच्या फांद्या तोडायला लागले, शेवटी कुंपण घालावं लागलं. 1986 मध्ये त्याच्या फांद्या लंडनच्या क्यू गार्डन्सला विमानाने पाठवल्या. तिथे एक फांदी जगली, पुढे भरपूर फुललीही, पण बी धरेना. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप होता, पण रिस्टोअर होत नव्हता. शेवटी 2003 मध्ये कार्लोस माग्दालेना यांनी फुलाचा वरचा भाग कापून परागकण आत घातले. शेकडो प्रयत्नांनंतर बी आलं आणि पुढे ते रॉड्रिग्जला परत गेलं.

पण परत जाऊन रुजणार कुठे? जामरोझा, म्हणजे आपल्या जांभळाच्या जातकुळीतलं बाहेरून आलेलं झाड, त्याने ग्रांद मोंताञचं जंगल व्यापलेलं. त्याच्या सावलीत देशी रोप उठत नाही. म्हणून मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचे लोक वर्षानुवर्षं हाताने तण काढतात, रोपवाटिकेत रोपं वाढवतात. काम करणारे बरेचसे बेटावरचेच. कासवांची जागाही भरली जातेय. 2007 मध्ये सुरू झालेल्या एका राखीव क्षेत्रात अल्दाब्रा बेटाची कासवं आणली, सोबत हजारो देशी रोपं लावली. कॅफे मॅरॉनच्या कोवळ्या रोपाची पानं लांब, अरुंद असतात. संशोधकांच्या मते ती कासवांना चकवण्यासाठीच. शेळ्यांसमोर ही युक्ती चालली नाही.

मला यातून एवढंच दिसतं: परदेशी झाडांनी वेळ मिळवून दिला, आणि ते काही थोडं नाही. पण एक झाड कुंपणात वाचवलं म्हणजे जात वाचली असं होत नाही. तिला जमीन लागते, बी पसरवणारं कुणीतरी लागतं आणि तण काढणारे हात लागतात.

तुमच्या गावात पुढच्या पावसाळ्यात वृक्षारोपण असेल, तर एक प्रश्न नक्की विचारा: तिसऱ्या वर्षी या रोपांकडे कोण बघणार आहे? उत्तर काय मिळालं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!