बोट लागली

१८९७चा फेब्रुवारी. मुंबईच्या धक्क्यावर तुम्ही रांगेत उभे आहात. मांडवीच्या धान्यगोदामातली हमाली सोडलीत, वळकटी बांधलीत, आता गाव गाठायचं. डॉक्टर तुमच्या काखा चाचपतो, जांघ दाबतो, नाडी बघतो. ताप नाही, गाठ नाही. जा.

परवा रात्री पिंडरीला पिसू चावली, ती तुम्ही केव्हाच विसरलात. पिसवेवर त्या डॉक्टरचाही संशय नाही. प्लेग पसरवण्याचं तिचं काम डॉक्टर पॉल-लुई सिमाँ पुढच्या वर्षी कराचीत उघड करेल. हाफकिननी १० जानेवारीला स्वतःला टोचून घेतलेली प्लेगची लस तुमच्यापर्यंत आलेली नाही.

आगबोट दक्षिणेला निघते. तुम्ही डेकवर आडवे होता. आता जरा लहान व्हा, इतके लहान की स्वतःच्याच जांघेतल्या लसिकाग्रंथीत उतरता येईल.

इथेही तपासणीच चालू आहे. पिसवेच्या अंगात प्लेगचा जंतू होता २६ अंशांच्या आसपास. तुमचं रक्त ३७ अंशांचं. चाव्यापाशी एका पहारेकरी पेशीनं त्याला गिळलं, पण त्या उबेत, तिच्याच पोटात त्यानं वेश पालटला. कवचावरच्या ज्या मेदाम्लांवरून तो ओळखू यायचा, त्यांतली काही गळाली. वर एफ-१ प्रथिनाच्या धाग्यांची शाल आली. मग तो बाहेर पडला आणि इथे पोचला.

दुसरी पेशी त्याला पकडायला सरसावते. अंगाला अंग लागताच जंतूच्या पृष्ठभागावरची पोकळ सुई तिला भिडते. लांबी सुमारे ६० नॅनोमीटर, टोकावर एलसीआरव्ही नावाच्या प्रथिनाची टोपी. सुईतून आत शिरतात यॉप प्रथिनं. यॉप-एचच्या अंगात एक खोबण आहे. पेशीच्या संदेशवाहक प्रथिनांवरचा फॉस्फेट तिच्यात नेमका बसतो आणि छाटला जातो. 'गिळ' हा हुकूम तिथेच विझतो. यॉप-ई पेशीचा आतला सांगाडा ढासळवतं. यॉप-जे धोक्याचा निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनांवर अ‍ॅसिटिल गट चिकटवतं. कुलपाच्या भोकात मेण भरावं तसं. सूज नाही, हाकाटी नाही. पहारेकरी जागेवर उभा, पण मुका. मुक्या पहाऱ्याआड जंतू वाढत राहतो.

धक्क्यावरच्या डॉक्टरला काहीच सापडलं नाही, ते यामुळेच.

पुन्हा मोठे व्हा. आगबोट मालवणच्या खडकांपासून लांब नांगरते. मचव्यातून उतरताना सिंधुदुर्गाचा तट डोळ्यांपुढे डुलतो. अंगात कणकण आहे. जांघेत टोचल्यासारखं होतंय. यावर चालणारं स्ट्रेप्टोमायसीन सापडायला १९४३ उजाडावं लागेल.

आई खळ्यातच भेटते.

"झिला, असो कित्याक दिसतंस रे?"

"काय नाय गे आये. बोट लागली."

ती कपाळाला हात लावते. हात तिथेच थांबतो. यॉप तिनं ऐकलेली नाहीत, जंतू पाहिलेला नाही. पण मुंबईहून आलेल्यांच्या तोंडून एक गोष्ट तिच्या कानावर आली आहे.

"थंय खोलयेत उंदीर मेलेले काय रे?"

गोदामातल्या पोत्यांमागचे ते तीन तुम्हीच शेपटीला धरून बाहेर टाकले होते. तुम्ही काही बोलत नाही.

आई वळकटीला हात लावू देत नाही. शेजारणीला हाक मारते आणि माळावर झोपडी घालायला माणसं मागते.