फडके

फडके हे एक मराठी आडनाव आहे. ते प्रामुख्याने कोकणस्थ (चित्पावन) ब्राह्मणांत आढळते. याच रूपाचे एक सामान्यनामही मराठीत नित्य वापरात आहे.

सामान्यनाम

फडके (नपुंसकलिंगी, अनेकवचन: फडकी) म्हणजे पुसण्यासाठी, गाळण्यासाठी वा बांधण्यासाठी वापरला जाणारा कापडाचा तुकडा. धूळ ओल्या फडक्याने पुसतात, पोळ्या फडक्यात गुंडाळतात, तर चक्का करण्यासाठी दही फडक्यात बांधून टांगतात. बोलीत या शब्दाचा उच्चार ‘फडकं’ असा होतो. आडनावाचा उच्चार मात्र ‘फडके’ असाच राहतो. जुन्या लेखनात सामान्यनाम ‘फडकें’ असे सानुस्वार लिहीत, त्यामुळे दोहोंतील भेद लेखनातही दिसत असे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार असे अनुच्चारित अनुस्वार वगळले गेले आणि दोन्ही शब्द लिखित रूपात एकसारखे झाले. ‘झेंडा फडकणे’ यातील ‘फडकणे’ हे क्रियापद असून त्याचा अर्थ वाऱ्याने हलणे असा होतो.

व्याकरण

आडनाव आदरार्थी अनेकवचनात चालते: ‘फडके आले’, ‘फडक्यांची कादंबरी’. औपचारिक लेखनात मूळ रूप कायम ठेवून ‘फडके यांची कादंबरी’ असे लिहितात.

उल्लेखनीय व्यक्ती

* हरिपंत फडके (मृत्यू: १७९४) – पेशवाईतील सेनापती. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९१–९२ च्या मोहिमेत सहभाग.
* वासुदेव बळवंत फडके (१८४५–१८८३) – आद्य क्रांतिकारक. जन्म शिरढोण (रायगड जिल्हा). १८७९ मध्ये रामोशी व इतर साथीदारांसह ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव केला. जन्मठेपेची शिक्षा भोगत असताना एडनच्या तुरुंगात निधन.
* रघुनाथ कृष्ण फडके (१८८४–१९७२) – शिल्पकार. मुंबईतील गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे कर्ते.
* ना. सी. फडके (१८९४–१९७८) – कादंबरीकार. १९४० च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, पद्मभूषण (१९६२).
* सुधीर फडके (१९१९–२००२) – संगीतकार व गायक, ‘बाबूजी’ या नावाने परिचित. ग. दि. माडगूळकर यांच्या गीतरामायणाचे (१९५५) संगीतकार. दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात सहभाग. त्यांच्या पत्नी ललिता फडके (पूर्वाश्रमीच्या देऊळकर) गायिका होत्या. पुत्र श्रीधर फडके संगीतकार व गायक आहेत.
* य. दि. फडके (१९३१–२००८) – इतिहाससंशोधक, ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ या बहुखंडी ग्रंथाचे लेखक. २००० च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.
* भालचंद्र फडके – समीक्षक, दलित साहित्याचे अभ्यासक.

ना. सी. आणि य. दि. हे दोघेही लेखक व संमेलनाध्यक्ष असल्याने केवळ ‘फडके’ असा उल्लेख संदिग्ध ठरतो. म्हणून आद्याक्षरांसह नाव लिहिणे इष्ट असते.

स्थळनामे

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत विलेपार्ल्याच्या उत्तरेस, अंधेरी पूर्वेत ना. सी. फडके मार्ग आहे. बोरिवलीतील पूर्व व पश्चिम भागांना जोडणाऱ्या उड्डाणपुलास सुधीर फडके यांचे नाव दिलेले आहे. दक्षिण मुंबईत धोबी तलाव येथील मेट्रो चित्रपटगृहाजवळील चौक वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाने ओळखला जातो. पुण्यातील फडके हौद आणि दिवाळीच्या पहाटे जमणाऱ्या तरुणांच्या गर्दीसाठी प्रसिद्ध असलेला डोंबिवलीचा फडके रस्ता यांच्या नावांतही हे आडनाव आढळते.