कायदा नंतर, गुन्हा आधी

फिनलंड म्हणजे नोकिया, लिनक्सवाला टोरवाल्ड्स आणि कडाक्याची थंडी. माझं ज्ञान इतकंच होतं. मग कंपनीने तीन महिन्यांसाठी हेलसिंकीला पाठवलं. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध-ब्रेड आणायचो, आणि बिलावर छापलेलं असायचं 'एचओके-एलान्तो'. हे एलान्तो काय प्रकरण आहे म्हणून एका शनिवारी शोधायला बसलो, तर त्यातून एक अख्खा माणूस बाहेर आला. वाइनो टान्नर.

एलान्तो ही हेलसिंकीतल्या कामगारांची सहकारी संस्था, बेकरीपासून सुरू झालेली. २००४ साली ती दुसऱ्या सहकारी संस्थेत विलीन झाली, म्हणून ते जोडनाव. टान्नर १९१५ ते १९४६ तिचा मॅनेजिंग डायरेक्टर होता. बाप रेल्वेत ब्रेक्समन, पोरगा वकील झाला, आणि सोशल डेमोक्रॅट. म्हणजे एकीकडे समाजवादी पुढारी आणि दुसरीकडे पावाचा हिशोब ठेवणारा मॅनेजर. मला तरी वाटतं की पुढे तो जे काही वागला ते या दुसऱ्या नोकरीमुळेच.

१९१८ साली फिनलंडमध्ये यादवी झाली. लाल विरुद्ध पांढरे, आणि ३६ हजारांहून जास्त माणसं मेली. टान्नरचाच पक्ष लाल बाजूला होता, पण हा सशस्त्र क्रांतीच्या विरोधात, त्यामुळे बाजूला राहिला. लाल हरले. बरेचसे पुढारी रशियात पळाले आणि मॉस्कोत त्यांनी फिनिश कम्युनिस्ट पक्ष काढला. मागे उरलेला मोडका पक्ष टान्नरने उभा केला. डिसेंबर १९२६ मध्ये तो चक्क पंतप्रधान झाला. त्याच्या मंत्रिमंडळात मीना सिल्लानपा होती, फिनलंडची पहिली स्त्री मंत्री. लहानपणी गिरणीत आणि नंतर लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून काम केलेली बाई! (तिच्यावर वेगळं लिहायला हवं.)

मे १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आजारी होते, म्हणून पांढऱ्यांच्या विजयदिनाच्या संचलनात सलामी घ्यायची पाळी टान्नरवर आली. आणि त्याने ती घेतली. ज्यांचे भाऊ-बाप त्याच पांढऱ्यांच्या छावण्यांत उपाशी मेले, त्यांना काय वाटलं असेल! त्यातल्या अनेकांनी त्याला कधीच माफ केलं नाही.

आता खरी गोष्ट. १९३९ च्या शरद ऋतूत स्टालिनने फिनलंडकडे सीमेवरचा भूभाग आणि हांको इथे नाविक तळ मागितला. वाटाघाटींना पासिकिवी गेला, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सोबत टान्नर. जमलं नाही. ३० नोव्हेंबरला बॉम्ब पडायला लागले आणि टान्नर परराष्ट्रमंत्री झाला. गंमत बघा, मॉस्कोने फिनलंडचं 'खरं' सरकार म्हणून ज्याला पुढे केलं तो कूसिनेन, एकेकाळचा त्याच्याच पक्षाचा अध्यक्ष. सोव्हिएत सरकार म्हणे, आम्ही कूसिनेनशीच बोलणार. मग बोलायचं कसं? हेल्ला वुओलियोकी नावाची डाव्या विचारांची एक नाटककार बाई जानेवारी १९४० मध्ये स्टॉकहोमला गेली, सोव्हिएत राजदूत कोलोन्तायला भेटली, आणि तिथून दार किलकिलं झालं. मार्चमध्ये तह झाला. देशाचा साधारण दहावा हिस्सा गेला, चार लाखांवर माणसं घरं सोडून आली. पण देश राहिला.

इथवर टान्नर मला आवडतो. पुढे अवघड होतं.

जून १९४१ मध्ये फिनलंड जर्मनीबरोबर पुन्हा युद्धात उतरला आणि सैन्य जुनी सीमा ओलांडून पलीकडे गेलं. टान्नर त्या मंत्रिमंडळात होता, पुढे अर्थमंत्री. समाजवादी माणूस, हिटलरच्या बाजूने. गेलेलं परत घ्यायचं होतं हे समजू शकतं, पण जुन्या सीमेपलीकडे जाण्याला ते उत्तर पुरत नाही.

१९४४ मध्ये शस्त्रसंधी झाली, आणि त्यातलं एक कलम युद्धगुन्हेगारांबद्दल होतं. सप्टेंबर १९४५ मध्ये फिनिश संसदेने खास कायदा केला. १९४१ ला जे केलं त्याचा गुन्हा १९४५ ला ठरवला! आपल्या घटनेचं कलम २०(१) नेमकं हेच करू नका म्हणतं. आरोपी आठ. त्यात माजी राष्ट्राध्यक्ष र्युती होता, पण सरसेनापती मानरहाइम नव्हता. न्यायालय सौम्य निकालाकडे झुकतंय म्हटल्यावर झ्दानोवच्या नियंत्रण आयोगाने दबाव आणला आणि शिक्षा वाढल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये टान्नरला साडेपाच वर्षं.

मी दोन रविवार यात घालवले. खटला कायद्याच्या दृष्टीने वाईट होता, यात मला शंका नाही. पण नकार दिला असता तर रशियन स्वतःच पकडून नेतील ही भीती खरी होती, आणि आरोपी राजकीयदृष्ट्या निर्दोष नव्हते हेही खरं. त्या संसदेत मी असतो तर मत कुठे टाकलं असतं? खरं सांगायचं तर बहुतेक कायद्याच्या बाजूने, मान खाली घालून.

टान्नर १९४८ ला सुटला, १९५१ ला परत निवडून आला. १९५७ मध्ये, ७६ व्या वर्षी, एका मताने पक्षाध्यक्ष! पक्ष फुटला, मॉस्कोचा पारा चढला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या पक्षाच्या पंतप्रधानाचं सरकार पडलं, त्यात ही नाराजी होतीच. म्हातारा १९६३ पर्यंत हलला नाही. १९६६ ला गेला.

असो. वुओलियोकीच्या वाड्यावर १९४० मध्ये चक्क ब्रेख्त राहिला होता, आणि तुरुंगात तीही गेली, टान्नरच्या अगदी उलट कारणासाठी. पण ते पुढच्या वीकेंडला.