सॅन होजेची जमीन खाली बसली त्याची गोष्ट

आज जरा लांबचं लिहितोय. आपल्याकडच्या कितीतरी घरातली पोरं सॅन होजे, सनीवेल, क्युपर्टिनो या गावांत कॉम्प्युटरच्या नोकरीला आहेत. ती जिथं राहतात तिथं शंभर वर्षांपूर्वी आलुबुखार, जरदाळू आणि चेरीच्या बागा होत्या. त्या बागांना विहिरींचं पाणी होतं. आणि उपसा इतका झाला की सॅन होजेच्या मध्यभागी जमीन सुमारे तेरा फूट खाली बसली. म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी करा, तेवढी. भूजल उपसल्यानं जमीन खचते हे अमेरिकेत पहिल्यांदा ओळखलं गेलं ते याच सांता क्लारा खोऱ्यात.

सुरुवातीला तिथं बोअर मारला की पाणी आपोआप उसळून वर यायचं. पंपाची गरज नव्हती. मग बागा वाढल्या, पंप आले, आणि १९३० पर्यंत सॅन होजेत पाणी ८० फूट खोल गेलं.

अमेरिकेच्या केंद्र सरकारचं भूगर्भ सर्वेक्षण खातं आहे, तिकडं त्याला यूएसजीएस म्हणतात. त्यांच्या क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञाचा या खोऱ्याच्या भूजलावरचा अहवाल १९२४ साली छापला गेला. खोऱ्याची रचना समजायला सोपी आहे. डोंगरातून ओढे उतरतात तिथं जाड वाळू-गोटे, पाणी पडलं की थेट आत मुरतं. खोऱ्याच्या मध्यात मात्र वाळूच्या थरांवर चिकणमातीचे जाड थर, त्यांच्याखाली पाणी दाबात अडकलेलं. आपल्या रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे लगेच कळेल, सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा आणि खालचा तापीचा गाळ असंच काहीसं.

उपायही लवकर सुचला होता. टिबेट्स आणि कीफर या दोन इंजिनिअरांनी १९२१ साली योजना मांडली: ओढ्यांवर धरणं बांधा, हिवाळ्याच्या पावसाचं पाणी अडवा आणि ते सावकाश वाळूच्या पात्रात सोडून मुरवा. (तिकडं पाऊस हिवाळ्यात पडतो.) त्यासाठी पाण्याचं डिस्ट्रिक्ट काढायचं होतं. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. लोकांनी मतदान करून उभी केलेली, कर लावायचा अधिकार असलेली स्थानिक पाणीसंस्था. मतदारांनी १९२१ ला ते फेटाळलं. आपल्याकडं ग्रामसभेत पाणीपट्टीचा विषय निघाल्यावर काय होतं ते आठवा. पाणी आणखी खाली गेल्यावर १९२९ मध्ये डिस्ट्रिक्ट मंजूर झालं. आठ वर्षं गेली.

खरा धक्का त्यानंतर बसला. सरकारी मोजणीवाल्यांनी १९१२ साली सॅन होजेत उंचीच्या खुणा ठोकल्या होत्या. १९३३ मध्ये त्याच खुणा परत मोजल्या तर त्या चार फूट खाली! शहरातल्या कुणाला चालताना-बोलताना हे जाणवलं नव्हतं, कारण सगळंच एकत्र खाली चाललं होतं.

असं का होतं? चिकणमातीचे कण अस्ताव्यस्त टाकलेल्या पत्त्यांसारखे असतात, मधे पाणी. ते पाणी दाब देऊन वरच्या मातीचं वजन पेलतं. उपशानं दाब कमी झाला की पाणी हळूहळू पिळून निघतं आणि पत्ते एकावर एक चपटे बसतात. वाळू परत पाणी घेते. चिकणमाती जवळजवळ परत फुगत नाही. गेलेली जागा गेली.

आता दोघांची कामं बघा. सर्वेक्षणवाल्यांनी खुणांचं जाळं पसरलं, त्याची टोकं खोऱ्याच्या कडेच्या पक्क्या खडकात बांधली म्हणजे मोजायचा पाया हलणार नाही, आणि १९३४ ते १९६७ या काळात ते पुन्हा पुन्हा मोजलं. डिस्ट्रिक्टनं १९३५-३६ च्या सुमारास सहा धरणं बांधली आणि मुरवणं सुरू केलं. पाऊसही बरा झाला. पाणी चढलं, खचणं जवळपास थांबलं. माझ्या मते ही खोऱ्याची पहिली संधी होती, आणि ती टिकली नाही. महायुद्धानंतर शहर फुगलं, बागा जाऊन घरं आली, उपसा पुन्हा वाढला. जमीन पुन्हा बसायला लागली.

१९६० साली यूएसजीएसच्या जोसेफ पोलंड यांच्या पथकानं सॅन होजे आणि सनीवेलमध्ये हजार फूट खोल बोअर घेऊन त्यात मोजयंत्र बसवलं. साधी युक्ती. तळाला वजन रोवायचं, त्याला तार बांधून वर आणायची. मधले थर दबले की जमीन खाली येते, तार मात्र तिथंच राहते, म्हणजे ती वर आल्यासारखी दिसते. जेवढी वर आली तेवढे थर दबले. सॅन होजेत १९६१ साली हा आकडा वर्षाला जवळपास एक फूट होता. विहिरींचे केसिंग पाईप जमिनीच्या वर उघडे पडत होते, काही आत चिरडून निकामी झाले. खाडीकाठची सुमारे १७ चौरस मैल जमीन भरतीच्या पातळीखाली गेली, तिला बांध घालून राखावं लागलं. १९६४ मध्ये पाणी २३५ फुटांवर होतं.

शास्त्रज्ञांकडं आकडे होते, पण एकही पंप बंद करायचा अधिकार नव्हता. तो पैसा आणि अधिकार स्थानिक संस्थेकडं होता. तिनं उपशावर आकारणी लावली: जो उपसेल तो भरेल, शेतीला दर शहरापेक्षा बराच कमी. त्या पैशातून मुरवणं आणि बाहेरचं पाणी. १९६५ पासून राज्याच्या कालव्यानं पाणी येऊ लागलं. मग त्याच तारेनं सांगितलं की उपाय लागू पडतोय: १९६७ ला दबणं पाव फुटाच्या आत, १९७३ ला एका फुटाचा शंभरावा भाग. मोजलं नसतं तर आणलेलं पाणी कामी येतंय की वाया जातंय हे कुणी कसं ठरवलं असतं?

जवळच्या सॅन वाकीन खोऱ्यात असं वेळेत झालं नाही. तिथं मेंडोटाजवळ वीजेच्या खांबाशेजारी उभे असलेले पोलंड यांचा १९७७ चा फोटो प्रसिद्ध आहे. खांबावर उंच १९२५ ची पाटी आहे, म्हणजे तेव्हा जमीन तिथवर होती. नऊ मीटरच्या आसपास.

आपल्या बहुतेक भागात खाली काळा पाषाण आहे, तो असा दबत नाही. त्यामुळं जमीन खचून इशारा मिळणार नाही. आपल्याकडं इशारा फक्त विहिरीच्या पातळीतून येतो, म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये निरीक्षण विहिरींत टेप सोडतात. कुणाच्या शिवारात अशी विहीर असेल तर आकडा विचारून घ्या, तो तुमचाच आहे.

सांता क्लारात मोजणी थांबली नाही. २००४ मध्ये यूएसजीएसनं डिस्ट्रिक्टसोबत खोऱ्याच्या पाण्याचं संगणकावरचं मॉडेल तयार केलं. डिस्ट्रिक्टनं दहा विहिरी इशाऱ्याच्या म्हणून ठरवल्यात आणि खचण्याची मर्यादा धरलीय वर्षाला फुटाचा शंभरावा भाग, म्हणजे तीन मिलिमीटर. २०१४ च्या दुष्काळात पातळी घसरली तेव्हा लोकांना २० टक्के पाणी कमी वापरायला सांगितलं. पुढच्या वर्षांत पातळी परत वर आली.