पंधराव्या वर्षी सिंगापूर



परदेशातल्या आपल्या घरांत एक प्रश्न वारंवार निघतो. आई किंवा वडिलांची बदली सिंगापूरला होते आणि मुलगी नेमकी नववीत असते. तिला बरोबर न्यावे, की शाळा पुरी होईपर्यंत आजीकडे ठेवावे? हा प्रश्न नवा नाही. सिंगापूरच्या यहुदी इतिहासातले सर्वांत मोठे नाव याच प्रश्नातून पुढे आलेले आहे.

मनश्शे मेयर यांचा जन्म बगदादचा, बालपण कलकत्त्याचे. १८६१ साली, पंधराव्या वर्षी, ते नातलगांच्या आधाराने सिंगापूरला आले आणि सेंट जोसेफ्स इन्स्टिट्यूशनमध्ये शिकू लागले. त्या वेळी सिंगापूरचा कारभार कलकत्त्याहूनच चालत असे; ही सत्ता १८६७ साली लंडनकडे गेली. म्हणजे कागदोपत्री हा मुलगा परदेशी गेलाच नव्हता. पण समुद्र तोच, अंतर तेच, आणि आईपासूनचा दुरावाही तोच.

शाळा कॅथलिक ब्रदर्सची, १८५२ साली सुरू झालेली. तिथे इंग्रजी शिक्षण मिळाले, पण हिब्रू तिथे कोण शिकवणार? १८६४ साली मेयर कलकत्त्याला परतले आणि तिथे त्यांनी हिब्रू आणि अरबीचा अभ्यास केला. नंतर व्यापारासाठी ते रंगूनला गेले आणि १८७३ साली पुन्हा सिंगापूरला येऊन कायमचे राहिले. त्यांच्या पेढीचा पैसा कलकत्त्याच्या अफूच्या व्यापारातून आणि पुढे जमीनजुमल्यातून आला, हेही इथे सांगायला हवे. त्याच पैशातून वॉटर्लू स्ट्रीटवरचे मगेन अबोथ (१८७८) उभे राहण्यास हातभार लागला, आणि १९०५ साली त्यांनी खेसेद एल बांधले. १९२९ साली ते 'सर' झाले, १९३० साली वारले. ब्रास बासा रोडवरची त्यांच्या शाळेची जुनी इमारत आणि मगेन अबोथ यांत चालत काही मिनिटांचेच अंतर आहे. पण एका ठिकाणी शिकलेला मुलगा दुसरे उभारायला लागला, तो मध्ये कलकत्त्याला जाऊन आल्यावर.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईतली आपली जुनी मशीद, शाअर हारहमीम, १७९६ सालची. तरी हिब्रू शिकवणारे फार थोडे होते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, आणि मिशनच्या शाळांत आपली मुले शिकली. आपल्या मुलांना आपलीच पवित्र भाषा ख्रिस्ती पाद्र्याकडून मिळत होती. मुले धर्मांतर करतील ही भीती होती. शिक्षण सोडणेही परवडत नव्हते. अलिबागचे हाईम शमुवेल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाची शाळा काढली, ती याच पेचातून. पुढे माझगावच्या त्या शाळेला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. अलिबाग, पेण, रेवदंड्याहून मुंबईला येणाऱ्या मुलाला इंग्रजी आणि हिब्रू एकाच छपराखाली मिळू लागले. मेयर यांना त्यासाठी दोन शहरे लागली होती.

दुसरे उदाहरण डेव्हिड मार्शल यांचे. जन्म १९०८, सिंगापूर, बगदादी घराणे. परदेशी शिक्षणाची मोठी शिष्यवृत्ती मिळवायची म्हणून अभ्यास केला, पण ऐन वेळी आजारपण आले. मग नोकऱ्या करून त्यांनी पैसे साठवले, १९३४ साली लंडन गाठले आणि तीन वर्षांत बॅरिस्टर झाले. १९५५ साली तेच सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले. सोळाव्या वर्षी जाता आले नाही म्हणून दार बंद होत नाही, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

आज सिंगापूरला निघणाऱ्या घराने काही गोष्टी आधी पाहाव्यात. तिथल्या सरकारी शाळांत बाहेरच्या मुलांना वेगळी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि ती माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षापर्यंतच प्रवेश देते. दहावीच्या वयाला पोचलेल्या मुलासाठी बहुधा खासगी किंवा आंतरराष्ट्रीय शाळाच उरते. पालकांमुळे कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या मुलग्याला अठराव्या वर्षी दोन वर्षांची लष्करी सेवा असते. आणि भाषा: तिथल्या शाळांत तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते. मराठी नाही. आपली मुले हिंदी घेतात आणि मराठी फोनवर आजीपुरती उरते.

आमचे मत असे: जायला हरकत नाही. आपले लोक कोकणातून मुंबईला गेले तेव्हाही घर मागेच राहिले होते. पण शाळा काय देणार आणि काय देणार नाही, याचा हिशोब निघण्याआधी मांडावा. मराठी कोण बोलणार, शाब्बाथची तफिला कोण शिकवणार, हे ठरलेले असावे. आणि ज्याला जायचे आहे त्या मुलाला विचारावे.

त्याआधी घरातल्या थोरांना एक विचारा: तुमच्या घरातून शाळेसाठी कोकण सोडून प्रथम कोण निघाले, आणि तेव्हा त्यांचे वय काय होते? उत्तर मिळाले तर लिहून ठेवा. मुलांना ते कोणत्याही शाळेच्या पुस्तकात सापडणार नाही.